एक पट्टा कोरा ठेव

अगं छकुले, काल तुझा फोन ठेवला आणि झोपच लागेना. तुझ्या भुईमुगातली ती सुकलेली ठिगळं डोळ्यांपुढून हलत नव्हती. जमिनीत ओल असूनही झाड मान टाकतं, ओढलं की अलगद हातात येतं आणि मुळं पार कुरतडलेली. ही हुमणीच गं. बुडाशी खणून बघ: पांढरट, अर्धगोल वळलेली, तांबूस डोक्याची अळी. शेपटाकडच्या भागात पोटातली काळी माती कातडीतून दिसते.

इथे सिडनीत, क्वेकर्स हिलला आमच्या हिरवळीखालीही तिचीच भावंडं निघाली होती. गवत गोधडीसारखं गुंडाळता येत होतं. मी दाणेदार औषध टाकलं, पाणी दिलं; पुढे गवत हिरवं झालं, तेव्हा वाटलं औषधानेच गुण आला. पण शेजारणीने काहीच टाकलं नव्हतं आणि तिचंही अंगण हिरवं झालेलं. अळ्या खायच्या थांबून कोषात गेल्या की मुळं आपोआप सावरतात. मग माझ्या औषधाने काय केलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तुझ्या बाबतीत असं होऊ नये, एवढंच मला वाटतं. आता मोठ्या झालेल्या अळीवर पैसे घालू नकोस. ती खोल जाते आणि औषधाला दाद देत नाही. यंदाची ठिगळं कागदावर काढून ठेव. वळवाच्या-मृगाच्या पावसात भुंगेरे तिन्हीसांजेला निघतात, कडुलिंब-बाभळीवर बसतात आणि आसपासच्या मातीत अंडी घालतात. म्हणून बांधालगत अळी जास्त, मध्ये कमी. औषध फक्त मध्ये टाकलंस तर कुचकामी औषधही पास होईल! पुढच्या खरिपात वावराचे चार भाग पाड. प्रत्येकात औषधाचा एक आणि कोरा एक पट्टा शेजारी शेजारी, कुठला कुठे ते चिठ्ठी टाकून ठरव. महिन्या-दीड महिन्याने प्रत्येक पट्ट्यात फूटभर लांब-रुंद खड्डे घेऊन अळ्या मोज आणि तिथेच वहीत लिही. जावईबापू म्हणतील, चार ओळी कशाला वाया घालवायच्या? त्या ओळींशिवाय बाकीच्या औषधाचा हिशोब लागत नाही, हे त्यांना समजावून सांग.

आणि औषध जपून निवड. भुईमुगाची शेंग मातीतच भरते, म्हणजे औषधाच्या कुशीतच. लेबलवर भुईमूग आणि हुमणी, दोन्ही नावं असतील तेच घे. मात्रा तिथे लिहिलेली, चमचाभरही जास्त नको. कुणी जुनं फोरेट पुढे केलं तर परत कर, ३१ डिसेंबर २०२० पासून ते आपल्याकडे बंद आहे. हातमोज्यांशिवाय औषधाच्या दाण्यांना हात लावू नकोस, आणि औषध टाकशील त्या दिवशी लेकरांना वावरात आणू नकोस.

काढणीला दोन्ही पट्ट्यांच्या शेंगा वेगवेगळ्या वाळव, वेगवेगळ्या तोल. आकडे मला कळव. इथे मध्यरात्र असली तरी फोन कर.