पृथ्वीची कक्षा खरंच लांबट आहे का?

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकातल्या चित्रात पृथ्वीची कक्षा चांगलीच लांबट दिसते. खगोलशास्त्रात ‘लंबवर्तुळता’ म्हणतात ती हीच का?
— एक वाचक, ताडकळस (ता. पूर्णा, जि. परभणी)

उत्तर : चित्र तिरकं, बाजूने पाहिल्यासारखं काढलेलं असतं, म्हणून कक्षा लांबट दिसते. खरी कक्षा कशी आहे ते कागदावर पाहा. कंपासने १५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. खऱ्या कक्षेचा लांब व्यास या मापाने ३० सेंटिमीटर धरला, तर आखूड व्यास त्याहून जेमतेम ०.०४ मिलिमीटरने कमी भरेल. तुमच्या पेन्सिलीची रेघच याच्या दसपट जाड असते! सूर्य मात्र मध्यावर दाखवायचा नाही. मध्यापासून अडीच मिलिमीटर बाजूला टिंब द्या, तिथे सूर्य.

या कागदावर दोन वेगळी मापं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. लांब व्यासातून आखूड व्यास वजा करून उरलेल्याला लांब व्यासाने भागलं, की येते ती लंबवर्तुळता, म्हणजे आकार किती चेपलेला आहे याचं माप. पूर्ण वर्तुळासाठी ती शून्य. पृथ्वीच्या कक्षेसाठी ती सुमारे ०.०००१४ येते. सूर्य मध्यापासून किती सरकला आहे, हे सांगते ती विकेंद्रता; ती ०.०१६७ आहे. कक्षांबद्दल बोलताना खगोलशास्त्रज्ञ बहुधा विकेंद्रताच सांगतात. तिच्यामुळेच जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आपल्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. म्हणजे परभणीत लोक शेकोटीपाशी बसतात, तेव्हाच सूर्य सर्वांत जवळ असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे.

लंबवर्तुळता खरी कामी येते ती गोलांच्या बाबतीत. स्वतःभोवती फिरणारा गोल विषुववृत्तावर फुगतो आणि ध्रुवांकडे दबतो. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने मोठी आहे, लंबवर्तुळता सुमारे १/२९८. शनी जेमतेम साडेदहा तासांत एक फेरी घेतो आणि त्याचा बराचसा भाग वायूचा, त्यामुळे त्याची लंबवर्तुळता जवळजवळ एक दशांश आहे. चांगल्या दुर्बिणीतून त्याचं हे दबलेपण डोळ्यांना कळतं. दीर्घिकांची वर्गवारी करताना एडविन हबल यांनीही हेच माप वापरलं. पण तिथे फसगत होऊ शकते, कारण लांबुळकी दीर्घिका टोकाकडून पाहिली तर गोलच दिसते.

आता तुमच्या शेजारच्या जिल्ह्याकडे वळतो, कारण मला यातला सर्वांत विलक्षण भाग तिथे दिसतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. तिच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटरच्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अशा वेधशाळा ज्या गोष्टींच्या मागावर असतात, त्यांतली एक म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची लंबवर्तुळता.

न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या दहा-बारा किलोमीटर, वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त. तो नुसता ध्रुवांकडे दबलेला असेल, तर फिरताना लहरी निघत नाहीत, कारण कोणत्याही क्षणी तो सारखाच दिसतो. त्याचं विषुववृत्तच किंचित लांबट असेल, कवचावर कुठे बारीकसा उंचवटा असेल, तरच प्रत्येक फेरीला दोन, अशा अखंड लहरी बाहेर पडतील. पीएसआर जे०४३७-४७१५ हा तारा सेकंदाला सुमारे १७४ फेऱ्या मारतो. अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो वेधशाळांना त्याच्याकडून अशी लहर सापडली नाही. त्यावरून २०२० साली निष्कर्ष निघाला, की त्याच्या विषुववृत्ताची लंबवर्तुळता दहा कोटींत एका भागापेक्षाही कमी असली पाहिजे. दहा किलोमीटर त्रिज्येवर हा फरक होतो मिलिमीटरचा दहावा हिस्सा! काहीच सापडलं नाही, तरी इतकं नेमकं सांगता आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशी अखंड लहर अजून कोणत्याच ताऱ्याकडून मिळालेली नाही. वेधशाळा वाढल्या आणि नोंदी वर्षानुवर्षं साठत गेल्या, की आणखी क्षीण लहरी हाती लागू शकतात. एक जरी मिळाली, तरी त्या प्रचंड गुरुत्वाखाली ताऱ्याचं कवच केवढा उंचवटा तोलून धरू शकतं, ते मोजता येईल.