जळातला पळसनाथ
भक्तहो, वाडीला दक्षिणद्वार साधलं की पादुकांवरून आलेल्या पाण्यात आपण न्हातो. इंदापूर तालुक्यात पळसदेवला भीमेचं पाणी शिरलं ते उजनी धरणामुळं. गाव वर सरकलं, नवं देऊळ झालं. पळसनाथाचं जुनं भूमिज शिखर मात्र पाणी आटलं की दिसतं. 2024च्या उन्हाळ्यात दिसलं.

कंबोडियात अंगकोरला ख्मेर राजांनी 11व्या शतकात बांध घालून सुमारे 8 किलोमीटर लांबीचा तलाव केला, मधोमध मंदिर बांधलं. पहुडलेल्या विष्णूची तिथली कांस्यमूर्ती 1936 साली सापडली. तिथं पाणी देवासाठी आणलं, इथं पिकासाठी. मला तरी पळसनाथाचा त्याग मोठा वाटतो.

बारामतीहून भिगवणमार्गे जाता येतं. शिखरावर चढू नका; भिजून-वाळून सांधे सुटतात. वीरगळ जागचे हलवू नका.