अपरिचित पटकथा आणि तिचे वाचक

कादंबरी छापून वाचकाच्या हाती पडली की लेखकाचे काम संपते. नाटक रंगभूमीवर आले नाही तरी पुस्तकरूपाने त्याला काही वाचक लाभतात. पटकथेच्या वाट्याला असे दुसरे जीवन सहसा येत नाही. चित्रपट तयार झाला की ती त्यात विरून जाते आणि चित्रपट तयार झाला नाही तर लेखकाच्या टेबलाच्या खणात पडून राहते. अनेक माणसांचे श्रम आणि मोठे भांडवल यांवाचून तिला पूर्णत्व येत नाही. साहजिकच, ज्याची चित्रव्यवसायात कोणाशीही ओळख नाही अशा हौशी पटकथालेखकापुढे निर्मात्याच्याही आधी वाचकाचा प्रश्न उभा राहतो.

या वाचकाकडून त्याला दोन गोष्टी हव्या असतात. आपली पटकथा जाणत्यांच्या नजरेस पडावी ही एक, आणि तिच्यातील गुणदोष कोणीतरी मोकळेपणाने सांगावेत ही दुसरी. वरवर पाहता या दोन अपेक्षा एकच वाटतात; वस्तुतः त्या परस्परांच्या आड येतात. नजरेस पडण्यासाठी पटकथा शक्य तितकी निर्दोष हवी. दोष कळण्यासाठी मात्र ती सदोष असतानाच दाखवावी लागते. एकदा कच्ची पटकथा वाचून बाजूला ठेवणारा निर्माता तीच पटकथा सुधारून आणली तरी पुन्हा क्वचितच हाती घेतो. हौशी पटकथालेखकांसाठी गेल्या काही दशकांत ज्या व्यवस्था निर्माण झाल्या त्यांचे मोल ठरविताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

व्यावसायिक वाचक

अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांकडे येणाऱ्या संहितांची संख्या इतकी असते की त्या सर्व वाचणे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यास अशक्य असते. यास्तव तेथे पगारी वाचक नेमण्याची प्रथा पडली. पटकथा साधारणतः ९० ते १२० पृष्ठांची असते, आणि एक पृष्ठ म्हणजे पडद्यावरील एक मिनिट असा ढोबळ हिशोब धरला जातो. वाचक ती वाचतो, एकदोन पृष्ठांत कथासार लिहितो, पात्रे, रचना व संवाद यांवर टीप देतो, आणि अखेरीस नापसंत, विचारार्ह किंवा शिफारसपात्र यांपैकी एक शेरा मारतो. या टिपणाला तेथे 'कव्हरेज' म्हणतात. बहुसंख्य पटकथांवर पहिलाच शेरा पडतो.

हे टिपण मालकासाठी लिहिलेले असते, लेखकासाठी नव्हे. बहुतेक वेळा लेखकास ते पाहावयासही मिळत नाही. त्याच्या हाती येतो तो केवळ नकार, आणि नकारातून काही शिकता येत नाही.

दार बंद का झाले

परंतु या पगारी वाचकापर्यंत पोहोचणेही नवख्यास सोपे नाही. अनाहूत आलेली संहिता न उघडता परत पाठविण्याचा शिरस्ता तेथे दृढ आहे. त्यामागे कामाचा भार हे एक कारण आहे. दुसरे, अधिक महत्त्वाचे कारण कायद्याचे आहे.

१९४९ साली व्हिक्टर डेस्नी नावाच्या लेखकाने दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या कार्यालयात दूरध्वनी केला. १९२५ साली केंटकीतील एका गुहेत अडकून मरण पावलेल्या फ्लॉइड कॉलिन्सच्या कथेवर चित्रपट काढावा अशी कल्पना त्याने वाइल्डर यांच्या चिटणीस बाईंना सांगितली, आणि तिचा उपयोग झाल्यास मोबदला मिळावा असेही बजावले. १९५१ साली वाइल्डर यांचा 'एस इन द होल' हा चित्रपट आला. त्यातही गुहेत अडकलेल्या माणसाची कथा होती. डेस्नीने दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली असे सांगितले की, कल्पना ही सर्वांना मोकळी असते. तथापि मोबदल्याच्या अटीवर ती सांगितली गेली आणि ऐकणाऱ्याने ती त्याच समजुतीने स्वीकारली, तर न लिहिलेला करारही बंधनकारक ठरू शकतो.

लेखकाच्या दृष्टीने हा न्याय समाधानकारक होता. मात्र त्याचा एक परिणाम त्याच्याच विरुद्ध गेला. अनोळखी माणसाची कथा नुसती ऐकली तरी उद्या दावा उभा राहील या भीतीने चित्रसंस्था अधिकच सावध झाल्या. मान्यताप्राप्त प्रतिनिधीमार्फत आलेली किंवा लेखकाने हक्कांविषयीच्या पत्रावर सही करून दिलेली पटकथाच वाचावयाची, असा नियम रूढ झाला. लेखकाचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने त्याचे दारही काही अंशी बंद केले.

परस्परांचे वाचन

बंद दाराला पर्याय म्हणून प्रथम स्पर्धा पुढे आल्या. ऑस्करचे पारितोषिक देणाऱ्या अकादमीने १९८६ साली नवोदित पटकथालेखकांसाठी निकोल शिष्यवृत्ती देण्यास आरंभ केला. तिच्याद्वारे पुढे आलेल्या माइक रिच यांच्या पटकथेवर 'फाइंडिंग फॉरेस्टर' हा चित्रपट २००० साली निघाला. तरीही स्पर्धेचा स्वभावच असा की ती क्रमांक लावते. मागे राहिलेल्या हजारो लेखकांना आपण कोठे चुकलो हे ती क्वचितच सांगते.

ही उणीव भरून काढण्याची युक्ती इंटरनेटच्या प्रसारानंतर सापडली, आणि ती अतिशय साधी होती. प्रत्येक हौशी लेखकाला आपली पटकथा वाचली जावी असे वाटते, पण दुसऱ्याची वाचावी असे वाटत नाही. एक पटकथा नीट वाचून तीवर विचारपूर्वक अभिप्राय लिहावयाचा तर तीनचार तास सहज लागतात. अनोळखी माणसासाठी इतका वेळ विनामूल्य कोण देणार? उत्तर असे निघाले की, जो देईल त्यालाच मिळेल. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या 'झोएट्रोप' संस्थेने उभारलेल्या लेखनशाळेत स्वतःचे लेखन ठेवण्यापूर्वी इतरांच्या लेखनाचे समीक्षण करणे आवश्यक केले होते. अभिनेते मॅट डेमन आणि बेन अ‍ॅफ्लेक यांच्या 'प्रोजेक्ट ग्रीनलाइट' या स्पर्धेत स्पर्धकांनीच परस्परांच्या पटकथा वाचल्या. तीतून निवडल्या गेलेल्या पीट जोन्स यांचा 'स्टोलन समर' हा चित्रपट २००२ साली प्रदर्शित झाला. त्याच वर्षी अभिनेते केव्हिन स्पेसी यांच्या पुढाकाराने 'ट्रिगर स्ट्रीट' हे केंद्र सुरू झाले. तेथे दुसऱ्याची पटकथा वाचून समीक्षण लिहिले की लेखकाच्या नावे जमा होई, आणि त्या जमेच्या बळावर त्याच्या पटकथेला वाचक मिळत. हे केंद्र आज अस्तित्वात नाही. पण त्याची पद्धत इतरत्र चालू राहिली.

गावोगावच्या शेतकऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. आज तुझ्या शेतात मी राबतो, उद्या माझ्या शेतात तू राब, या सावडीच्या रीतीचेच हे लेखनातील रूप होय.

पद्धतीचे गुणदोष

सावडीत अंगचोरपणा करणारा असतो, तसा येथेही असतो. काही सभासद पटकथा वरवर चाळून चार गुळगुळीत वाक्ये लिहीत आणि आपली जमा वाढवीत. काही जण परस्परांची स्तुती करण्याचा मूक करार करीत. काही जण कठोर अभिप्रायाचा सूड कमी गुण देऊन उगवीत. यावर उपाय योजले गेले. कोणती पटकथा वाचावयाची हे सभासदाने न ठरविता यंत्रणेने ठरवावे, समीक्षणाला किमान शब्दमर्यादा असावी, आणि मिळालेल्या समीक्षणाची प्रत लेखकानेही ठरवावी, असे नियम आले. त्यांनी दोष कमी झाले. नाहीसे झाले नाहीत.

याहून गंभीर आक्षेप असा की, हौशी लेखकाने हौशी लेखकाला काय शिकवावे? या आक्षेपात तथ्य आहे. तथापि ते अर्धेच आहे. नवखा वाचक उपाय सांगू लागला की बहुधा चुकतो. पण आपले लक्ष कोठे उडाले, कोणते पात्र ओळखता आले नाही, कोणती घटना पटली नाही, हे तो अचूक सांगू शकतो. पाच अनोळखी वाचक एकाच पृष्ठावर अडखळले तर दोष त्या पृष्ठात किंवा त्याच्या आधीच्या मांडणीत असतो, यात शंका नाही.

शिवाय या व्यवहारात वाचणाऱ्याचाही लाभ होतो. उत्कृष्ट पटकथेतील सांधे दिसत नाहीत. सदोष पटकथेत ते उघडे पडलेले असतात. केवळ माहिती देण्यासाठी लिहिलेला संवाद दुसऱ्याच्या पानावर खटकला की स्वतःच्या पानावरही दिसू लागतो.

मोबदला आणि हक्क

या क्षेत्रात पुढे मोठ्या व्यापारी संस्थाही उतरल्या. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१० साली सर्वांकडून पटकथा मागविण्यास प्रारंभ केला. तिच्या आरंभीच्या अटींनुसार पाठविलेल्या पटकथेवर कंपनीला अठरा महिने विनामूल्य प्रथम हक्क मिळे, आणि इतर सभासदांना तिचे पुनर्लेखन करण्याची मुभा असे. या अटींवर व्यावसायिक लेखकांनी टीका केली. कंपनीने त्या नंतर सौम्य केल्या, आणि २०१८ साली ही योजनाच बंद केली. प्रसिद्धीच्या मोहात लेखक नेमके काय गहाण ठेवतो हे सही करण्यापूर्वी पाहावे, हा तिचा धडा होय.

'ब्लॅक लिस्ट' या नावाने दोन भिन्न गोष्टी ओळखल्या जातात. २००५ साली फ्रँकलिन लेनर्ड यांनी व्यवसायातील सहकाऱ्यांना त्यांच्या आवडत्या, पण अद्याप चित्रित न झालेल्या पटकथांची नावे विचारून एक यादी केली. डायब्लो कोडी यांची 'जूनो' ही पटकथा त्या पहिल्या यादीत होती. ही यादी आधीच व्यवसायात फिरत असलेल्या पटकथांची असते. २०१२ साली त्याच नावाने जी सेवा सुरू झाली ती मात्र कोणालाही खुली आहे. तेथे शुल्क भरून पटकथा ठेवता येते आणि शुल्क भरूनच पगारी वाचकाचा अभिप्राय व दहापैकी गुण मिळतात. यादीच्या कीर्तीमुळे सेवेकडून अवाजवी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे.

भारतातील परिस्थिती

भारतात प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. हिंदी चित्रव्यवसायात पटकथा वाचण्यापेक्षा ती ऐकण्याची परंपरा अधिक बळकट आहे. लेखक निर्मात्यासमोर किंवा नटासमोर बसून कथा ऐकवितो. यात कथनाची कला लेखनाच्या गुणदोषांवर पांघरूण घालते. मितभाषी लेखक मागे पडतो. आणि ऐकविलेल्या कथेचा पुरावा कोणता, हा प्रश्नही उरतोच.

या संदर्भात १९७८ सालचा आर. जी. आनंद यांचा खटला प्रत्येक लेखकाने माहीत करून घ्यावा असा आहे. आनंद यांचे प्रांतीयतेवरील 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५४ साली दिल्लीत रंगभूमीवर आले. पुढे त्यांनी ते दिग्दर्शक मोहन सैगल यांना ऐकविले. १९५६ साली सैगल यांचा 'नई दिल्ली' हा चित्रपट प्रदर्शित झाला, आणि तो आपल्या नाटकाची नक्कल आहे असे वाटून आनंद यांनी दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. कल्पना, विषय किंवा कथाबीज यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो त्यांच्या विशिष्ट आविष्कारावर, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही कृती पाहणाऱ्या प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंदिग्धपणे वाटते काय, ही कसोटी त्याने सांगितली.

यावरून लेखकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. तोंडी सांगितलेली कल्पना निराधार असते. प्रसंग, पात्रे आणि संवाद यांसह पूर्ण लिहिलेली पटकथा संरक्षित असते. लेखनाबरोबरच स्वामित्वहक्क आपोआप निर्माण होतो. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सभासदांना जी नोंदणीची सोय देते ती त्या लेखनाच्या तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. नोंदणी करून मगच पटकथा इतरांस दाखविणे शहाणपणाचे होय. चोरीच्या भयाने ती कोणालाच न दाखविणे हा मात्र त्याहून मोठा तोटा आहे.

अभिप्रायाची संघटित सोयही भारतात हळूहळू होत आहे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ साली सुरू केलेल्या पटकथा-कार्यशाळेत निवडक लेखक अनुभवी मार्गदर्शकांच्या सान्निध्यात आपल्या संहितेवर टप्प्याटप्प्याने काम करतात. कनू बहल यांचा 'तितली' आणि अलंकृता श्रीवास्तव यांचा 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या चित्रपटांच्या पटकथा या कार्यशाळेतून गेल्या आहेत. परंतु तेथे प्रवेश मोजक्यांनाच मिळतो. बाकीच्यांना परस्परांच्या वाचनाचाच आधार घ्यावा लागतो, आणि त्यासाठी चारपाच लेखकांचे प्रामाणिक मंडळही पुरेसे होते.

अभिप्राय देणे व घेणे

अशा मंडळाने काही पथ्ये पाळावीत. समीक्षकाने पटकथा एका बैठकीत वाचावी, कारण प्रेक्षकही चित्रपट एका बैठकीत पाहतो. प्रथम आपल्याला समजलेली कथा तीनचार वाक्यांत लिहावी. ती लेखकाच्या मनातील कथेहून निराळी निघाली तर तोच सर्वांत मोलाचा अभिप्राय ठरतो. दोष पृष्ठांकासह दाखवावा. आपण असतो तर काय लिहिले असते हे सांगण्याचा मोह आवरावा.

लेखकाने अभिप्राय ऐकताना स्वतःचा बचाव करू नये. चित्रपटगृहात प्रत्येक प्रेक्षकाशेजारी बसून खुलासा करण्याची सोय त्याला नसते. जे पृष्ठावर नाही ते नाहीच. एकट्याच्या मताने पटकथा बदलू नये आणि अनेकांच्या एकमताकडे दुर्लक्ष करू नये. सुधारणा आठवड्याभराने, मन निवल्यावर हाती घ्यावी.

या सर्व विवेचनावरून पायऱ्यांचा क्रम ठरतो: आधी लेखन व नोंदणी, मग बरोबरीच्या लेखकांचा अभिप्राय, त्यानंतर पुनर्लेखन, आणि सर्वांत शेवटी स्पर्धा किंवा निर्माता. हौशी लेखक बहुधा शेवटच्या पायरीवर प्रथम पाय ठेवतो आणि नकार पदरी आला की लेखन सोडतो. त्याने सोडलेली पटकथा वाईटच होती असे नव्हे. ती योग्य वाचकापर्यंत योग्य वेळी पोहोचली नाही, एवढेच अनेकदा खरे असते.