टोलसवलत : निकष अंतराचा की हद्दीचा?

प्रश्न : महाराष्ट्रातील कागल येथे राहून नोकरीसाठी रोज स्वतःच्या मोटारीने कर्नाटकातील निपाणीला जाणाऱ्या व्यक्तीस कोगनोळी टोलनाक्यावर स्थानिक सवलत मिळते काय? परराज्यातील वाहनास ती नाकारणे न्याय्य ठरेल काय?

उत्तर : राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर 2008 च्या शुल्क नियमांनुसार आकारला जातो आणि त्यांत खासगी वाहनांच्या स्थानिक सवलतीचा निकष राज्य नसून अंतर हा आहे. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, लगतच्या पुढील नाक्यापलीकडे न जाणाऱ्या आणि सेवारस्ता अथवा पर्यायी रस्ता उपलब्ध नसलेल्या वाहनधारकास मासिक पास मिळतो. 2007-08 या पायाभूत वर्षासाठी 150 रुपये ठरलेला त्याचा दर पुढे वाढत गेला आहे. त्यामुळे या अटी पूर्ण होत असतील, तर केवळ पत्ता किंवा वाहनक्रमांक महाराष्ट्राचा आहे म्हणून पास नाकारता येत नाही. 15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांत सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास 200 फेऱ्यांपुरता असल्याने रोज जाऊन-येऊन करणाऱ्याचा तो शंभर दिवसांतच संपतो. अशा प्रवाशास मासिक पासच अधिक सोयीचा.

व्यावसायिक वाहनांबाबत मात्र निकष बदलतो. नाका ज्या जिल्ह्यात आहे तेथे नोंदणी झालेल्या, राष्ट्रीय परवान्याखाली न चालणाऱ्या वाहनास निम्मा दर लागू होतो. कोगनोळी बेळगाव जिल्ह्यात असल्याने पाऊणशे किलोमीटरहून दूरच्या अथणीचा टेम्पो या सवलतीस पात्र ठरतो, तर नाक्याला खेटून असलेल्या कागलचा, कोल्हापूर जिल्ह्यात नोंदलेला टेम्पो पूर्ण दर भरतो.

राज्यघटनेचा अनुच्छेद 301 देशभरातील व्यापार व दळणवळण मुक्त ठेवतो, तर अनुच्छेद 14 नुसार वर्गीकरणाला सुस्पष्ट आधार असावा लागतो आणि त्या आधाराचा नियमाच्या उद्देशाशी तर्कसंगत संबंध असावा लागतो. जिल्ह्याचा निकष सर्व राज्यांत सारखाच लागू असल्याने त्यास एका राज्यास झुकते माप देणारा म्हणणे कठीण आहे. परंतु नाक्याजवळच्या लोकांवरील रोजचा भार हलका करणे हा उद्देश मानला, तर हा निकष त्या उद्देशापासून दूर जातो आणि दोन्ही प्रकारच्या वाहनांना अंतराचाच निकष लावणे अधिक न्याय्य ठरते. पास नाकारला गेल्यास नकाराचे कारण लेखी मागून महामार्ग प्राधिकरणाच्या 1033 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.