हिशेबाचा दुभाष्या : डेटाबेसचा ड्रायव्हर कसा निवडावा?



पवित्र कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर ऐकून आश्चर्य वाटते. ती आयत उधारीच्या लिखापढीवर आहे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण आहे. पूर्वी हे लेखन मुनीमजींच्या वहीत होई. आता ते बहुतेक पेढ्यांवर संगणकात होते. वही बदलली, जबाबदारी बदलली नाही.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका सूत व्यापाऱ्याने एका यंत्रमागधारकाकडे बाकीची मागणी केली. तो म्हणाला, "शेटजी, ही रक्कम मी ईदच्या आधीच दिली. तुमच्या मुनीमजींनी पावतीही फाडली." संगणकात पाहिले तर पावतीची नोंद होती, पण खात्यावरील बाकी कमी झालेली नव्हती. व्यापाऱ्याने माफी मागितली व प्रकरण मिटले. परंतु त्या माणसाने पावती जपून ठेवली नसती तर? एका बंद्याचा हक्क मारला गेला असता, आणि तोही कोणाच्या मनात खोट नसताना.

असे का घडले, हे समजून घेताना ड्रायव्हर या वस्तूची ओळख करून घेणे भाग आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

आपण बिल बनवतो तो प्रोग्रॅम वेगळा आणि हिशेब जेथे साठतो तो डेटाबेस वेगळा. या दोहोंची भाषा एक नसते. जेद्दाच्या दुकानात आपला कोकणातील हाजी मराठी बोलतो व दुकानदार अरबी, तेव्हा मध्ये दुभाष्या लागतो. तसा हा ड्रायव्हर. दुभाष्या कच्चा असेल तर दोघेही खरे बोलूनही सौदा चुकतो.

१९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी, म्हणजे ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी, ही पद्धत बाजारात आणली. तिच्यामुळे प्रोग्रॅम एकाच ठराविक रीतीने बोलतो आणि ज्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर ते बोलणे पुढे पोहोचवतो. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ॲक्सेस या सर्वांसाठी असे ड्रायव्हर आहेत. टॅलीतील आकडे एक्सेलमध्ये ओढून घेण्याची सोयही ओडीबीसीवरच चालते. आता निवड कशी करावी ते क्रमाने पाहू.

१) आधी तीन प्रश्न विचारा

डेटाबेस कोणता व त्याची आवृत्ती कोणती? बिलाचा प्रोग्रॅम ३२ बिटचा की ६४ बिटचा? तो ओडीबीसीने बोलतो की दुसऱ्या एखाद्या पद्धतीने? ही तीन उत्तरे कागदावर लिहिल्याशिवाय कोणालाही ड्रायव्हर बसवू देऊ नका.

२) बिटची जोडी जुळवा

नवा संगणक आणल्यावर जुना प्रोग्रॅम बंद पडतो, त्याचे नेहमीचे कारण हेच. विंडोज ६४ बिटचे असले तरी प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर त्याला ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो. जोडी जुळली नाही की पडद्यावर आर्किटेक्चर मिसमॅच अशी तक्रार येते. येथे एक गंमत लक्षात ठेवावी. विंडोजमध्ये ओडीबीसीची मांडणी करण्याची दोन साधने आहेत. त्यांपैकी ६४ बिटचे साधन सिस्टिम ३२ या फोल्डरात असते आणि ३२ बिटचे सिसवाऊ ६४ या फोल्डरात! नावावर जाल तर फसाल. एका साधनात केलेली सिस्टिम डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, दुसऱ्या साधनात दिसत नाही. तसेच यूजर डीएसएन फक्त करणाऱ्याच्या लॉगिनपुरती असते. एका संगणकावर दोघे-तिघे बसत असतील तर सिस्टिम डीएसएनच करावी.

३) ड्रायव्हर जिवंत आहे का ते पाहा

ज्या ड्रायव्हरच्या चुका आजही दुरुस्त होतात, तोच घ्यावा. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की विंडोजसोबत आपोआप येणारा साधा एसक्यूएल सर्व्हर ड्रायव्हर फार जुना आहे आणि नव्या कामासाठी तो वापरू नये, असे खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगते. त्यानंतरचा नेटिव्ह क्लायंट एसक्यूएल सर्व्हर २०२२ मधून काढून टाकला गेला. नव्या कामासाठी ओडीबीसी ड्रायव्हर १८ घ्यावा. जुना प्रोग्रॅम त्याच्याशी जुळत नसेल तर १७ वर चालवून पाहावा.

ज्यांचा हिशेब अजून फॉक्सप्रोत आहे त्यांची अडचण मोठी. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा पाठिंबा २०१५ साली संपला आणि त्याचा ओडीबीसी ड्रायव्हर केवळ ३२ बिटचाच आहे. ॲक्सेसच्या जुन्या जेट ड्रायव्हरचीही ६४ बिटची आवृत्ती निघाली नाही. तेथे नवा एस ड्रायव्हर घ्यावा लागतो. फॉक्सप्रोवाल्यांनी तात्पुरता मार्ग काढून काम चालवावे, पण हिशेब नव्या डेटाबेसमध्ये हलवण्याची तयारी आजच सुरू करावी.

४) घराण्याचा ड्रायव्हर घ्या, चोरबाजारातला नको

डेटाबेस ज्याने बनवला त्याचाच ड्रायव्हर, त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. मायएसक्यूएलचा कनेक्टर ओडीबीसी, मारियाडीबीचा स्वतःचा कनेक्टर, पोस्टग्रेएसक्यूएलचा पीएसक्यूएल ओडीबीसी आणि मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर हे सर्व विनामूल्य मिळतात. तरीही काही कारागीर अनोळखी ठिकाणची फाइल पेन ड्राइव्हवर आणून बसवतात. त्यातून व्हायरस येतो आणि वर्षाचा हिशेब ओलीस राहतो. जी वस्तू हलाल मार्गाने फुकट मिळते, ती चोरवाटेने आणण्यात कसली हुशारी?

५) सुरक्षा बंद करून काम भागवू नका

२०२२ साली आलेल्या ड्रायव्हर १८ मध्ये जोडणी सुरुवातीपासूनच गुप्त लिपीत चालते. सर्व्हरवर विश्वासार्ह प्रमाणपत्र नसेल तर तो जोडणी नाकारतो. अशा वेळी बसवणारा माणूस, सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर डोळे झाकून विश्वास ठेव, अशी खूण करून मोकळा होतो. अनोळखी माणसाने, मी अमुकचा मुनीम, असे म्हटले आणि आपण ओळख न विचारता रोकड दिली, तसे हे आहे. दुकानातल्या दुकानात चार दिवस चालेल. सर्व्हर बाहेर असेल व इंटरनेटवरून जोडणी असेल तर मुळीच चालू देऊ नका. नीट प्रमाणपत्र बसवून घ्या.

मायएसक्यूएल ८ मध्ये २०१८ पासून पासवर्ड तपासण्याची रीत बदलली आहे, म्हणून जुना ड्रायव्हर तेथे दारातच अडतो. तेव्हा डेटाबेसची रीत जुनी करण्यापेक्षा ड्रायव्हर नवा करावा. आणखी एक गोष्ट. काही ड्रायव्हर डीएसएनमधील पासवर्ड उघडाच साठवतात. म्हणून बिलाच्या प्रोग्रॅमला मालकाचा सर्वाधिकार देऊ नका. त्याच्या कामापुरते वेगळे खाते काढून द्या.

६) आपली लिपी टिकते का?

मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएलचे ड्रायव्हर दोन प्रकारांत येतात, एएनएसआय आणि युनिकोड. मराठी किंवा उर्दूत नावे लिहायची असतील तर युनिकोडच घ्यावा. नाहीतर ग्राहकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. ती एकदा जतन झाली की मूळ नाव परत मिळत नाही. डेटाबेसचा रकानाही युनिकोडचा हवा, एकट्या ड्रायव्हरने भागत नाही.

७) विश्वास ठेवण्यापूर्वी परीक्षा घ्या

सोनार कसोटीवर घासल्याशिवाय सोने घेत नाही. तसेच खऱ्या हिशेबाची नक्कल काढून तिच्यावर पुढील परीक्षा घ्याव्यात.

पहिली, पैशांची. पैशांसह रक्कम आणि मीटरमधील अपूर्णांक लिहा व परत वाचा. शंभर नोंदींची बेरीज कागदाशी ताडून पाहा.

दुसरी, तारखेची. ५ एप्रिल ही तारीख टाका. ती परत वाचताना ४ मे झाली तर उधारीची मुदत बिघडेल.

तिसरी, नावाची. एक मराठी व एक उर्दू नाव लिहून पाहा.

चौथी, गर्दीची. सर्व संगणकांवरून एकाच वेळी बिले करा.

पाचवी सर्वांत महत्त्वाची, तार तोडण्याची. पावती जतन होत असतानाच नेटवर्कची वायर काढा. हे अनेकदा करा व दर वेळी पाहा की एकतर पूर्ण व्यवहार लिहिला गेला आहे किंवा काहीच लिहिले गेलेले नाही. अर्धवट लिहिलेले आढळले तर तो प्रोग्रॅम वापरू नका.

आता वरील सूत व्यापाऱ्याची चूक उलगडते. ओडीबीसीत प्रत्येक हुकूम आपोआप लगेच पक्का होतो, ही त्याची मूळ सवय आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ती बदललेली नव्हती. पावती पक्की झाली, तेवढ्यात सैल वायरमुळे जोडणी तुटली आणि बाकी कमी करण्याचा दुसरा हुकूम पोहोचलाच नाही. दोन्ही हुकूम एका गाठोड्यात बांधून, झाले तर दोन्ही नाहीतर एकही नाही, असे करता येते. त्याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मात्र त्यासाठी ड्रायव्हर व डेटाबेस दोघांनी साथ द्यावी लागते. मायएसक्यूएलमधील मायआयसॅम या जुन्या प्रकारच्या तक्त्यांत ही सोय नाही, इनोडीबी प्रकारात आहे. म्हणून आपल्या प्रोग्रॅमरला हा प्रश्न स्पष्ट विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर तार तोडून पाहा.

८) लिहून ठेवा

ड्रायव्हरचे नाव, आवृत्ती, बिट आणि डीएसएनची मांडणी एका वहीत लिहा. त्याची मूळ फाइल जपून ठेवा, म्हणजे संगणक बिघडला तरी दुकान दोन दिवस बंद राहणार नाही. नवी आवृत्ती आली की आधी नकलेवर चालवा, मग खऱ्या हिशेबावर. आणि बॅकअप रोज घ्या. चांगल्यात चांगला ड्रायव्हरही जळालेली डिस्क परत आणत नाही.

बांधवांनो, ग्राहकाची बाकी, मजुराची मजुरी, भागीदाराचा वाटा, जकातीचा हिशेब हे सारे आपल्याजवळ अमानत म्हणून असते. संगणकाने चूक केली, हे कारण मजुराच्या घरची चूल पेटवीत नाही. साधन आपण निवडतो, म्हणून त्याचा जाबही आपणासच द्यावा लागेल. अल्लाह आपणा सर्वांना चोख हिशेब व हलाल रोजीची तौफिक देवो. आमीन.