दोन खुणांची साक्ष : डी.एन.ए. कापणाऱ्या विकरांचे कार्य

नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक आजार हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलाने होतो. 'एमएसटी-दोन' नावाचे विकर निरोगी जनुक त्या ठिकाणी कापते. बदललेल्या जनुकातील खूण नष्ट झाल्याने तेथे काप पडत नाही. तुकड्यांच्या लांबीवरून गर्भातील दोषाचे निदान करण्याची वाट या गुणधर्माने खुली केली. अशा विकरांच्या शोधासाठी वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स व हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही विकरे मुळात जीवाणूंची शस्त्रे होत. आक्रमक विषाणूचा डी.एन.ए. ती कापतात, स्वतःच्या डी.एन.ए.वरील खुणांना मात्र मेथिल गटाचे संरक्षण असते. काही जीवाणूंत हा गट दुपदरी डी.एन.ए.च्या एकाच पदरावर असतो. पेशी विभागताना प्रत्येक प्रतीत एक पदर नवा येतो आणि काही खुणा असंरक्षित राहतात. मग जीवाणू स्वतःच्याच शस्त्राने का मरत नाही?

याचे उत्तर दूरच्या खुणांमधील संवादात आहे. येथे विकर एका खुणेवर काप घेत नाही. समोरासमोर तोंड असलेल्या दोन खुणांवरून दोन विकरे निघतात आणि एकाच रुळावरील दोन इंजिनांप्रमाणे परस्परांना भिडतात. तेव्हाच काप पडतो. नव्या प्रतीतील असंरक्षित खुणा सर्व एकाच दिशेच्या असतात, म्हणून तेथे टक्कर होतच नाही. 'टी-सात' विषाणूतील 'इको-पी-पंधरा-एक' या विकराच्या सर्व खुणाही एकाच दिशेच्या आहेत. त्यामुळे तो या विकराच्या तावडीतून सुटतो.

दुग्धपदार्थ आंबवणाऱ्या 'लॅक्टोकॉकस लॅक्टिस' या जीवाणूतील अशा एका विकराची रचना पुण्याच्या 'आयसर' संस्थेतील के. साईकृष्णन आणि ब्रिस्टल विद्यापीठातील मार्क श्चेल्कुन यांच्या गटांनी २०१५ साली प्रसिद्ध केली. हे विकर ए.टी.पी.ची ऊर्जा वापरून डी.एन.ए.वरून चालत जाते. कापणारा भाग चालीच्या दिशेने पुढे नसून मागे असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे टक्कर होताच दोन पाती एकत्र मिटत नाहीत. दोन्ही विकरे आपापल्या जागी एकेका पदराला अनेक छेद देतात आणि त्यांतून डी.एन.ए. तुटतो. 'एसएफआय-एक' सारखी अन्य विकरे डी.एन.ए.ला वळसा देऊन दोन दूरच्या खुणा एकाच वेळी धरतात.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान निदानापर्यंत पोहोचते, परंतु त्याचा प्रारंभ रक्ततपासणीनेच होतो. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी, निदान गर्भारपणाच्या आरंभी तरी, सोल्युबिलिटी चाचणी करून घ्यावी व दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे.