न दिसणारी फिट

मी ईईजी टेक्निशियन आहे. घर पेणजवळ रामवाडीत, नोकरी पनवेलकडच्या एका रुग्णालयात. पेण, रोहा, सुधागड, माणगाव या भागातली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. मी टेपने डोकं मोजते, खुणा करते, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवते आणि मेंदूतली वीज पडद्यावर रेषा होऊन सरकू लागते. ही वीज कानांनीही ऐकता येते, हे कळल्यापासून या कामात माझा जीव जास्तच गुंतला. त्याविषयी लिहिते आहे.

१. फिट दिसतेच असं नाही

आपल्याकडे आकडी, फेफरं म्हटलं की हातपाय झाडणारा, तोंडाला फेस आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मग कांदा हुंगवा, चप्पल नाकाशी धरा, हातात किल्ल्या कोंबा, अशी धावपळ. यातल्या कशानेही फिट थांबत नाही. पण ज्या फिटमध्ये काहीच हलत नाही, तिच्यासाठी कुणी धावतसुद्धा नाही. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “बाय, पोर बसल्या जागी हरवतं गो.” शाळेत त्याच्यावर ‘लक्ष नसतं’ असा शिक्का बसला होता. तपासणीत आम्ही मुलांना तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. तो मधेच थांबला, नजर स्थिर झाली, आणि पडद्यावर सेकंदाला तीन या ठेक्यात टोकदार लहरी उमटू लागल्या. काही क्षणांनी तो पुन्हा श्वास घेऊ लागला. मधे काही घडल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. आजींना मात्र ते आधीच दिसलं होतं.

आयसीयूत हे आणखी गंभीर होतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डॉक्टरांनी बाहेरून फिटचं कोणतंही लक्षण नसलेल्या २३६ बेशुद्ध रुग्णांचे ईईजी काढले. २००० साली त्यांनी निष्कर्ष मांडले: ८ टक्के रुग्णांच्या मेंदूत फिट अखंड चालू होती. पाहणाऱ्याला ते नुसते निजलेले दिसत होते.

२. रेषा वाचायला वर्षं लागतात

पडद्याच्या एका पानावर साधारण १० सेकंद मावतात. अर्ध्या तासाच्या नोंदीची १८० पानं होतात. त्यात पापणी लवली, दात चावले, घाम आला, तारेला धक्का लागला की त्याच्याही रेषा उठतात. खरी कुठली, खोटी कुठली, हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतात, आणि ते रात्री दोन वाजता प्रत्येक ठिकाणी हजर नसतात.

३. मेंदूचा आवाज कानाच्या टप्प्याखाली असतो

हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ मध्ये जगासमोर ठेवली. केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये ती पडताळून पाहिली. त्या लहरी पाहण्याबरोबर ऐकण्याचाही त्यांनी प्रयोग केला. म्हणजे ही कल्पना ईईजीइतकीच जुनी आहे.

अडचण अशी, की आपल्या कानाला सेकंदाला २० कंपनांच्या खालचं ऐकू येत नाही, आणि मेंदूच्या बऱ्याचशा लहरी त्याहून संथ असतात. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसाची अल्फा लहर सेकंदाला ८ ते १३. यावर सोपा उपाय म्हणजे नोंद वेगाने वाजवणं. साठपट वेग दिला की १० ची लहर ६०० होते, स्वच्छ सूर ऐकू येतो. सेकंदाला तीनची ती फिट १८० वर जाते आणि खर्जात घुमते. मी माझाच ईईजी सहकारिणीकडून काढून घेतला आणि असा वाजवून पाहिला. डोळे मिटले तिथे सूर उमलत होता, उघडले तिथे विरत होता. इतकी वर्षं लोकांना “डोळे मिटा, डोळे उघडा” सांगत आले, त्याचा अर्थ त्या दिवशी मला कानांनी कळला.

पण साठपट वेगाने एक मिनिट ऐकायचं, तर ते मिनिट आधी उलटून जावं लागतं. खाटेशेजारी, आत्ता काय चाललं आहे हे त्यातून कळत नाही.

४. स्टॅनफर्डच्या दोघांनी तो अडसर काढला

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस चेफ हे संगीताचे प्राध्यापक, स्वतः चेलो वाजवणारे. योसेफ परवीझी हे न्यूरॉलॉजिस्ट. अंतराळातल्या नोंदींच्या आवाजांवर रचलेलं, क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्य चौकडीचं संगीत परवीझींनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, हे मेंदूबाबत का करू नये? ते चेफ यांच्याकडे गेले. चेफ यांनी नोंद पळवली नाही. माणसाच्या गळ्यासारखा एक कृत्रिम स्वर घेतला आणि मेंदूच्या लहरीला तो स्वर वरखाली करायला लावला. शांत मेंदू पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. फिट सुरू झाली की स्वर कापू लागतो, तुटक होतो, चढत जातो. मी ते नमुने ऐकले आहेत आणि अंगावर काटा आला आहे.

खरी परीक्षा पुढे झाली. २०१८ मध्ये ‘एपिलेप्सिया’ या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. ईईजी वाचण्याचं शिक्षण नसलेले वैद्यकीय विद्यार्थी आणि परिचारिका यांना फक्त १५ सेकंदांचे तुकडे ऐकवले. विद्यार्थ्यांनी ९८ टक्के आणि परिचारिकांनी ९५ टक्के फिट ओळखल्या. तेच आलेख डोळ्यांनी पाहताना विद्यार्थ्यांचं प्रमाण बरंच खाली होतं.

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या रामवाडीच्या स्टँडवर एसटीचे ड्रायव्हर बॉनेट न उघडता इंजिन बिघडल्याचं सांगतात. लय मोडली की कान आपसूक टवकारतात, त्याला पदवी लागत नाही.

५. ऐकणं म्हणजे निदान नव्हे

मेंदूच्या एका लहान कोपऱ्यात चाललेली फिट एकदोन तारांच्या आवाजात सापडेलच असं नाही. चावण्याचा, थरथरण्याचा गोंगाटही स्वरात मिसळतो. आवाज इशारा देतो, निदान डॉक्टरांचंच.

६. घरच्यांनी लपवू नये

अजूनही आया हळूच विचारतात, “फाइलवर फिट असं लिहाल का? मुलगी लग्नाची आहे.” हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी अपस्मार हा लग्नाला अडथळा मानला होता, ही गोष्ट खरी. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द कायद्यातून गेला. घराघरांतून तो जायला वेळ लागतो आहे, आणि त्यापायी गोळ्या लपवून, चुकवून घेतल्या जातात. त्यापेक्षा मोबाइलवर फिटचं चित्रण करा, घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना गाठा.

७. हे यंत्र तालुक्याला हवं

आता याच तंत्रावर चालणारा, डोक्याभोवती बांधायचा, दहा इलेक्ट्रोडचा पट्टा निघाला आहे. तो काही मिनिटांत बसतो आणि डावीकडचा, उजवीकडचा आवाज वेगवेगळा ऐकवतो. तालुक्यातालुक्यात न्यूरॉलॉजिस्ट मिळणं अवघड आहे, पण रात्रपाळीची सिस्टर सगळीकडे असते. मुंबई-गोवा महामार्गावर डोक्याला मार लागलेला माणूस मध्यरात्री बेशुद्ध येतो. तो शुद्धीवर का येत नाही, याच्या कारणांत छुपी फिटही असू शकते, आणि ती जितकी लांबते तितकी औषधाला दाद देईनाशी होते. त्या सिस्टरने पट्टा बांधून १५ सेकंद ऐकलं आणि मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावून सांगितलं, “सर, डाव्या बाजूला आवाज कापतोय,” तर ते तिथूनच नोंद मागवून पाहतील, आणि गरज असेल तर इंजेक्शन अँब्युलन्स पेणहून निघण्याआधीच देता येईल.